रेडिएशननंतरच्या मज्जातंतूंच्या वेदना : औषधांच्या खर्चाचा विमा दावा कसा करावा

स्तनाच्या, मानेच्या किंवा मणक्याजवळच्या गाठीसाठी रेडिएशन घेतलेल्या काही रुग्णांना पुढे हातापायांत जळजळ, मुंग्या किंवा विजेच्या झटक्यासारख्या कळा सुरू होतात. हा त्रास उपचार संपल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही उद्भवतो. त्यासाठी प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन यांसारखी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात आणि दरमहा होणारा हा खर्च विम्यातून मिळवताना ठाणे व नवी मुंबईतील अनेक कुटुंबांची दमछाक होते.

दावा पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली बसतो, हे सर्वप्रथम पाहावे. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च आणि त्याला जोडून आधीच्या व नंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च मिळतो. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत ही मुदत दाखल होण्यापूर्वी 30 दिवस आणि डिस्चार्जनंतर 60 दिवस अशी आहे. रेडिएशनसाठी रात्रभर राहावे लागत नसले, तरी ते सहसा डे केअर उपचार म्हणून ग्राह्य धरले जाते. त्यामुळे नंतरच्या खर्चाचे दिवस नेमके कोणत्या तारखेपासून मोजणार, हे टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) ईमेलवर लेखी घ्यावे. त्या मुदतीतील औषधांची बिले मूळ आजाराच्या मंजूर दाव्याला जोडता येतात. मुदतीनंतर सुरू झालेल्या औषधांसाठी मात्र पॉलिसीत ओपीडीचे कलम असावे लागते. नोकरीतून मिळालेल्या सामूहिक विम्यात ते असू शकते, म्हणून एचआर विभागाकडून पॉलिसीची संपूर्ण प्रत मागवावी. विमा नियामकाने ज्या 12 आधुनिक उपचारांना संरक्षण देण्यास सांगितले आहे, त्यांत तोंडावाटे घ्यायची केमोथेरपी आहे, परंतु वेदनेच्या गोळ्या नाहीत. त्यामुळे त्या यादीवर विसंबून दावा करू नये.

सर्वांत जास्त वजन उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या पत्राला असते, हे मी घरच्या अनुभवावरून सांगते. माझ्या आईला डाव्या स्तनाच्या रेडिएशननंतर डाव्या हातात वेदना सुरू झाल्या. ओपीडीच्या दाव्यासोबत दिलेल्या चिठ्ठीवर केवळ ‘न्यूरोपॅथी’ (मज्जातंतूंचा विकार) एवढाच शब्द होता. आईला मधुमेह आहे आणि त्याची प्रतीक्षा मुदत, म्हणजे आधीपासूनच्या आजारासाठी विमा लागू होण्यापूर्वीचा काळ, पूर्ण झालेली नव्हती, त्यामुळे विमा कंपनीने हा त्रास मधुमेहाचा ठरवून दावा नाकारला. मग आम्ही रेडिएशनच्या डॉक्टरांकडून सविस्तर पत्र घेतले. रेडिएशन कोणत्या भागाला, किती मात्रेत व कोणत्या तारखांना दिले, वेदना कधी सुरू झाल्या, त्या फक्त डाव्या हातातच का आहेत आणि मधुमेहाचा त्रास सहसा दोन्ही पावलांपासून सुरू होतो, हे सारे त्यात होते. त्याच पत्रावर दावा मंजूर झाला. आपल्या पत्रातही औषधाचे नाव, मात्रा आणि ते किती काळ लागेल याचा उल्लेख असावा. मज्जातंतूंची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल सोबत जोडावा.

बाकीची कागदपत्रे नेहमीचीच आहेत : भरलेला दावा अर्ज, पॉलिसीची प्रत, ओळखपत्र, रेडिएशनची समरी, डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी, मूळ बिले आणि रद्द केलेला चेक. बिलावर रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषधाचा बॅच क्रमांक आणि दुकानाचा परवाना क्रमांक आहे ना, हे काउंटरवरच पाहून घ्यावे. गुळगुळीत कागदावरची छपाई दोन-तीन महिन्यांत पुसट होते, म्हणून अशा बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढून ती मूळ बिलाला टाचून ठेवावी. ‘आरोग्य संजीवनी’त डिस्चार्जनंतरच्या खर्चाची कागदपत्रे तो उपचार पूर्ण झाल्यापासून 15 दिवसांत द्यायची असतात, इतर पॉलिसींची मुदत त्यांच्या पुस्तिकेत पाहावी.

दावा नाकारल्यास कोणत्या कलमाखाली नाकारला, हे लेखी मागावे आणि आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा 155255 या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे) जाता येते. त्यासाठी एक वर्षाची मुदत आहे. ठाणे व नवी मुंबईच्या रहिवाशांसाठी लोकपालांचे कार्यालय आता ठाण्यातच आहे, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. आपले म्हणणे तारखांसह साध्या मराठीत मांडले तरी चालते.

कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्यांना या औषधांसाठी वेगळा दावा करण्याची गरज सहसा पडत नाही. त्यांनी आपल्या दवाखान्यामार्फत चौकशी करावी.

दावा अडकला म्हणून प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन मध्येच बंद करू नये, कारण ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायची असतात. निर्णय येईपर्यंत डॉक्टरांकडून जेनेरिक नाव लिहून घेऊन जनऔषधी केंद्रात विचारावे आणि तिथले बिलही त्याच फाइलला लावावे.