वजाबाकीची गिटार

मागच्या महिन्यात भाचीला इलेक्ट्रिक गिटार घ्यायची म्हणून तिच्याबरोबर वाद्यांच्या दुकानात गेलो होतो. विक्रेत्याने भिंतीवरची एक लालसर गिटार उतरवली, कानाजवळ धरली आणि बोटाच्या पेराने तिच्या अंगावर टकटक केलं. आपण माठ घेताना करतो तसंच. "ऐका सर, महोगनी आहे. आवाज लाकडात असतो." शेजारी टांगलेली, दिसायला डिट्टो तशीच, पण 'साध्या लाकडाची' गिटार बरीच स्वस्त होती. भाची माझ्या तोंडाकडे बघायला लागली, कारण घरातला फिजिक्सवाला मीच. मी काही बोलायच्या आत विक्रेत्याने हुकमाचं पान टाकलं, "क्वीनचा ब्रायन मे माहीत असेल ना? त्याची गिटार शंभर वर्षं जुन्या महोगनीची आहे. म्हणून तो आवाज!"

(क्वीन हा ब्रिटनचा गाजलेला रॉक बँड, आणि मे त्याचा गिटारवादक.) आता यातलं महोगनीचं थोडंफार खरं आहे. 'म्हणून' मात्र खोटं आहे, आणि हा लेख त्या 'म्हणून'साठी आहे.

ऑगस्ट १९६३. लंडनच्या पश्चिमेला फेल्टममध्ये राहणारा सोळा वर्षांचा ब्रायन आणि त्याचे वडील हॅरोल्ड यांनी घरातच गिटार करायला घेतली. बाजारातली चांगली गिटार परवडणारी नव्हती. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले, हाताला कसब असलेले. पुढची दोन वर्षं बापलेक त्याच कामात होते. कुणाच्या तरी घरातून निघालेल्या जुन्या फायरप्लेसची महोगनीची चौकट मिळाली, तिच्यातून गिटारची मान कोरली. लाकडाला वाळवीसारख्या किड्यांची भोकं होती, ती काड्यापेटीतल्या काड्या ठोकून बुजवली. मानेवरच्या पडद्यांच्या, म्हणजे फ्रेटच्या, खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं घासून बसवली. तारांचा ताण सांभाळायला १९२८ सालच्या पँथर मोटरसायकलच्या दोन व्हॉल्व्ह स्प्रिंगा लावल्या. सूर हलवायच्या दांड्यासाठी सायकलच्या सीटमागची पिशवी अडकवायचा तुकडा वापरला आणि त्याच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचं बोंडूक बसवलं.

आणि अंग? मधला भाग जुन्या टेबलाच्या ओकचा, बाकीचा चक्क ब्लॉकबोर्ड. आपल्याकडे कपाटाच्या दारांना वापरतात तोच. वरून महोगनीचा कागदासारखा पातळ पापुद्रा चिकटवला, म्हणून ती लाल दिसते. तिचं नावच पडलं रेड स्पेशल. दुकानातल्या त्या माणसाने रेड स्पेशलवर टकटक केलं असतं तर त्याला कपाट वाजवल्याचा आवाज आला असता!

मग आवाज येतो कुठून?

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप नावाची डबी असते. आत चुंबक, त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकाच्या सान्निध्यात वरची पोलादी तारही चुंबकासारखी वागायला लागते. ती हलली की वेढ्यांमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. दहावीच्या पुस्तकातलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन, दुसरं काही नाही. पिकअपला लाकूड 'ऐकू' येत नाही, त्याला फक्त डोक्यावरचा तारेचा तुकडा दिसतो. तारेची ऊर्जा किती लवकर लाकडात मुरते याचा थोडा परिणाम होतो, नाही असं मी म्हणणार नाही. पण तो भाजीतल्या चिमूटभर हिंगाएवढा. भाजी कुठली आहे, ते पिकअप कुठे बसवलाय आणि कसा जोडलाय यावर ठरतं.

इथून पुढे जरा सावकाश वाचा. माझा आवडता भाग आहे आणि मी लांबण लावणार आहे.

तंबोरा ऐकलेल्या कुणालाही स्वयंभू गंधार माहीत असतो. खरजाची तार छेडली की तिच्यातून, कुणीही न लावलेला, गंधार आपोआप ऐकू येतो. यात चमत्कार काही नाही. तार एकाच वेळी अनेक तऱ्हांनी थरथरत असते. अख्खी तार एका कमानीत हलते तो मूळ सूर. त्याच वेळी ती दोन भागांत हलते, तो वरचा सा. तीन भागांत हलते तेव्हा पंचम, चार भागांत आणखी वरचा सा, पाच भागांत गंधार, सहा भागांत पुन्हा पंचम. हे सगळे हार्मोनिक. जिथे दोन भाग जुळतात तिथे तार त्या हार्मोनिकपुरती जागची हलत नाही. तो निस्पंद बिंदू. एखाद्या हार्मोनिकच्या निस्पंद बिंदूवर तार छेडली तर तो हार्मोनिक मुळी उठूच नये असा नियम आहे. तंबोरा हा नियम मोडतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये दाखवलं होतं. कारण जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीला घासून दिलेला बाक! पण तो वेगळा लेख होईल.

आता ६० सेंटिमीटरची तार घ्या. (रेड स्पेशलची २४ इंच, म्हणजे जवळपास तेवढीच. पिकअपच्या जागा मात्र मी हिशेबाला सोप्या घेतोय.) ब्रिजपासून, म्हणजे आपल्या भाषेत घोडीपासून, ५ सेंटिमीटरवर एक पिकअप आणि १५ सेंटिमीटरवर दुसरा. समजा सगळे हार्मोनिक सारख्याच जोराने उठलेत आणि प्रत्येकाची जास्तीत जास्त हालचाल १०० आहे. मूळ सुरासाठी तार पहिल्या पिकअपवर २६ हलते, दुसऱ्यावर ७१. दोन्ही एकाच दिशेला. दोन्ही पिकअपचे सिग्नल एकमेकांत मिळवले तर ९७.

पाचवा हार्मोनिक, म्हणजे आपला गंधार, बघा. पहिल्या पिकअपवर तार ९७ वर जाते, त्याच क्षणी दुसऱ्यावर ती ७१ खाली असते, कारण मध्ये एक निस्पंद बिंदू येऊन गेला. बेरीज केली तर उरतात २६. सहावा तर अजून गमतीदार. पहिल्यावर १०० वर, दुसऱ्यावर १०० खाली. बेरीज शून्य. तारेत पंचम आहे, पण स्पीकरपर्यंत पोचतच नाही.

आणि आता दुसऱ्या पिकअपच्या वेढ्यांची दोन टोकं उलटी जोडा. फक्त दोन वायरींची अदलाबदल. त्याच्या सिग्नलचं चिन्ह फिरलं, म्हणजे बेरजेच्या जागी वजाबाकी आली. मूळ सूर ७१ वजा २६, म्हणजे ९७ वरून ४५ वर घसरला, निम्म्याहूनही खाली. गंधार २६ चा १६८ झाला, सहापटीहून जास्त. आणि मघाशी गायब झालेला पंचम शून्यावरून थेट २००! तीच तार, तेच बोट, तेच लाकूड. तरी आवाज ओळखू येणार नाही इतका बदलला: भरदार खरज गेला आणि नाकातून गाणारा, शहनाईच्या वळणाचा सूर आला.

(जाणकारांनी लगेच हात वर करू नयेत. पिकअप तारेचं अंतर नाही, वेग मोजतो, आणि बोट पडद्यावर सरकलं की तारेची लांबी बदलून सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो, हे मला माहीत आहे. म्हणूनच एकाच गाळणीतून प्रत्येक सूर थोडा वेगळा गाळून निघतो.)

बापलेकांनी हेच हेरलं. रेड स्पेशलवर तीन पिकअप आहेत आणि प्रत्येकाला दोन छोटे स्विच: एक चालू-बंद, दुसरा सुलट-उलट. एकेक पिकअप एकटा वाजवला तर तीन आवाज. दोन-दोनच्या तीन जोड्या, प्रत्येक बेरजेत किंवा वजाबाकीत, म्हणजे सहा. तिन्ही मिळून चार. एकूण तेरा. त्या काळच्या नावाजलेल्या कारखान्यांतल्या गिटारवर तीन स्थितींचा एकच स्विच असे! शिवाय तिथले पिकअप बहुधा समांतर, पॅरलल जोडलेले. यांनी ते सिरीजमध्ये जोडले. टॉर्चमध्ये सेल एकामागे एक घालतो तसे. त्यामुळे सिग्नल जोरकस होतो आणि अँप्लिफायर लवकर 'फाटतो'. रॉकवाल्यांना तो फाटका आवाजच हवा असतो.

पहिले पिकअपही ब्रायनने घरीच गुंडाळले होते. वाजायचे छान, पण तार बाजूला ओढून सूर चढवायला गेलं की आवाज विचित्र व्हायचा, कारण ओढलेली तार चुंबकाच्या उत्तर ध्रुवावरून दक्षिण ध्रुवाकडे सरकत होती. शेवटी बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक पिकअप विकत आणले. त्यातले वेढे सैल असल्याने मोठ्या आवाजात ते स्वतःच थरथरून किंचाळायचे. उपाय काय केला? अ‍ॅरल्डाइट ओतून वेढे गोठवले. हो, तेच, आपल्याकडे फुटक्या बरणीपासून चपलेच्या सोलपर्यंत सगळ्याला लावतात ते. या माणसाच्या वैभवात एवढाही गूढपणा शिल्लक नाही, आणि मला तो त्यामुळेच आवडतो.

तारा छेडायला तो प्लास्टिकची पट्टी वापरत नाही. सहा पेन्सचं जुनं नाणं वापरतो, १९८० मध्ये चलनातून बाद झालेलं. नाण्याच्या कडेला बारीक दाते असतात. नाणं किंचित तिरकं धरलं की दाते तारेवर घासतात आणि सुराच्या सुरुवातीला 'खर्र' असं एक व्यंजन येतं. मऊ पट्टीला नुसता स्वर येतो. वरच्या पट्टीतले हार्मोनिकही कठीण धातूनेच जास्त उठतात, म्हणजे वजाबाकीला काम करायला कच्चा माल मिळतो.

क्वीनचा बेस वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला होता. १९७२ मध्ये त्याला रस्त्यावरच्या कचऱ्यात एक सर्किट बोर्ड सापडला. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा तो बोर्ड त्याने एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालवला. हा 'डीकी' अँप आणि रेड स्पेशल एवढ्याच्या जोरावर १९७५ मध्ये ब्रायनने 'गुड कंपनी' या गाण्यात अख्खा जॅझ बँड उभा केला. ट्रंपेट, क्लॅरिनेट वाटतात ते सगळे गिटारचे थर आहेत. तेरा आवाज हाताशी असले की असं सुचतं. सत्तरच्या दशकात क्वीनच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर 'सिंथेसायझर वापरलेला नाही' असं छापायची वेळ आली, कारण लोकांचा विश्वासच बसेना.

क्वीनच्या 'वी विल रॉक यू'मधले धप-धप-टाळी तर आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानातही ऐकू येतात. त्यातही हाच डोकेबाजपणा आहे. मोजक्या माणसांच्या पायांचा आवाज हजारोंचा वाटावा म्हणून ब्रायनने त्याच्या प्रती थोड्या थोड्या उशिराने एकमेकांवर चढवल्या आणि उशिराची अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली. अंतरं सम प्रमाणात असती तर ठरावीक कंप्रता एकमेकींत मिसळून प्रतिध्वनी घुमला असता. मूळ संख्यांना सामाईक विभाजक नसतो, त्यामुळे लाटा जुळत नाहीत आणि कानाला गर्दी वाटते.

हे सगळं सुचणारा माणूस मुळात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होता. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमध्ये १९७० पासून तो पीएचडी करत होता. विषय होता राशिचक्रीय प्रकाश, म्हणजे ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवर पडून विखुरलेला सूर्यप्रकाश. (नावात राशी आहे म्हणून कुणी साडेसातीचे उपाय विचारू नयेत. ही धूळ कुणाच्याही कुंडलीत बसत नाही, फक्त दुर्बिणीत दिसते.) ही धूळ कुठे आणि किती वेगाने चाललीय, ते त्याला मोजायचं होतं. सूर्याच्या वर्णपटात मॅग्नेशियमची ५१८ नॅनोमीटरजवळ एक काळी रेघ असते. धुळीकडून येणाऱ्या प्रकाशात ती रेघ डॉप्लर परिणामाने किंचित सरकलेली असते. ते सरकणं मोजायला त्याने टेनेरिफ या स्पॅनिश बेटावर नेलं होतं फॅब्री-पेरो व्यतिकरणमापक. समोरासमोर ठेवलेले दोन अर्धपारदर्शक आरसे, त्यांच्यामध्ये प्रकाश येरझाऱ्या घालतो. ज्या तरंगलांबीच्या लाटा येरझारीनंतर एकमेकींत मिळतात ती पार जाते, बाकीच्या एकमेकींतून वजा होऊन मरतात. आरशांमधलं अंतर बदलायचं आणि कोण पार होतं ते बघायचं. गिटारवर दोन पिकअप जे करतात, तेच इथे दोन आरसे करत होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या नावासह दोन शोधनिबंध छापून आले. मग क्वीन इतकं चाललं की प्रबंध तसाच फडताळात राहिला. २००७ मध्ये, साठीला आल्यावर, त्याने तो पुरा केला आणि डॉक्टर झाला. मधल्या काळात या विषयाकडे फार कुणी वळलं नव्हतं, त्यामुळे जुनी निरीक्षणं कामाची राहिली होती! जून २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभं राहून त्याने राष्ट्रगीत वाजवलं, तेही याच ब्लॉकबोर्डच्या गिटारवर. तिच्या हुबेहूब प्रती आज कारखान्यात बनतात. आणि 'गिटार घरी करता येते' हे तिच्यामुळे पटलेली पोरं जगभर आईच्या शिवणाच्या डब्यात हात घालतात.

भाचीने शेवटी स्वस्तातली घेतली. उरलेल्या पैशांत मी सोल्डरिंग गन आणि दोन पोलांचा एक स्विच आणला. रविवारी पिकअपच्या वायरी उलट-सुलट करणारा स्विच बसवला. पहिल्यांदा फक्त घुंई आली, कारण मी अर्थची वायरही पलटली होती. दुसऱ्यांदा जमलं. खटका दाबला आणि जाड आवाज एकदम बारीक, नकटा झाला. भाची म्हणाली, "मामा, हिला सर्दी झाली!"

घरी गिटार नसेल तर म्युझिक सिस्टिमच्या दोन स्पीकरपैकी एकाच्या लाल-काळ्या वायरी उलट लावा आणि दोन्ही स्पीकर जवळजवळ ठेवून एखादं ढोलाचं गाणं वाजवा. ढोलाचं पोट गायब होईल. आणि राशिचक्रीय प्रकाश बघायचा तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, अमावास्येच्या आसपास, शहराच्या दिव्यांपासून लांब जायचं. मी तरी पाचगणीच्या पलीकडे कुठेतरी जाईन. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, तेव्हाचा फारुख बलसारा, झांझिबारहून येऊन तिथल्याच बोर्डिंगात शिकला. सूर्य मावळून सव्वा-दीड तास झाला, संधिप्रकाश पुरता विझला की पश्चिमेला क्षितिजावरून वर निमुळता होत गेलेला दुधी त्रिकोण शोधायचा. मोबाइल खिशात ठेवायचा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात.