उलट बाजूचे प्रश्न: गोव्याच्या कोर्टात आदेश 11 कसा आला

म्हापसा असो वा डिचोली, दाव्यात उलट बाजूच्या वकिलाकडून लेखी प्रश्नावली आली की पक्षकार गोंधळतो. साक्ष सुरू व्हायच्या आधीच आपण उत्तरे का द्यायची? प्रश्न रास्त आहे, कारण गोव्यात ही पद्धत रुजून साठच वर्षे झाली.

पोर्तुगीज अमलात 1939 ची दिवाणी प्रक्रिया संहिता होती. तिच्यात 'केशतियोनारियु' नावाची प्रश्नावली असे, पण ती न्यायाधीश तयार करी. दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचून वादातल्या गोष्टी तोच निवडी आणि पुरावा तेवढ्यावरच होई.

उलट बाजूनेच प्रश्न घालायचे ही चाल इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टाची, म्हणजे न्यायबुद्धीने निवाडा करणाऱ्या जुन्या कोर्टाची. तिथून ती ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायद्यात आली आणि 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 11 म्हणून बसली. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला, पण जुने कायदे एका रात्रीत गेले नाहीत. 1908 ची संहिता इथे लागू झाली 15 जून 1966 ला. मालमत्ता आणि वारसा मात्र 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेनेच ठरत राहिला. म्हणजे हक्क लिस्बनचा, तो शाबित करायची रीत लंडनची.

आदेश 11 प्रमाणे प्रश्नावली पाठवायला कोर्टाची परवानगी लागते. उत्तर शपथपत्रावर, साधारणपणे दहा दिवसांत द्यायचे. प्रश्न गैरलागू किंवा बदनामीकारक वाटला तर हरकतही त्याच शपथपत्रात नोंदवायची; गप्प बसणे हा पर्याय नव्हे. कोर्टाचा हुकूम डावलला तर वादीचा दावा फेटाळला जाऊ शकतो, प्रतिवादीचा बचाव रद्द होऊ शकतो. मात्र उलटतपासणीत चालणारा प्रत्येक प्रश्न इथे चालतोच असे नाही. इंदिरा गांधींविरुद्ध राजनारायण यांच्या निवडणूक याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये हा फरक स्पष्ट केला.

एरवी प्रश्नांबरोबर कागदही उघड करायला लावणारा हा आदेश बराच काळ पुस्तकातच राहिला, असे माझे मत. आपले वकील उलटतपासणीवर जास्त विसंबतात. 2015 च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याने मोठ्या व्यापारी वादांत चित्र पालटले. तिथे ताब्यातले सगळे संबंधित कागद, स्वतःच्या विरोधात जाणारेसुद्धा, दाव्याबरोबर किंवा कैफियतीबरोबरच, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराबरोबरच, जोडावे लागतात.

पण स्वतःहून सगळे उघड करण्याची सवय गोव्याला अगदीच परकी नव्हती. वारसाच्या इन्व्हेंतारात, म्हणजे वारसांत वाटणी करण्याच्या कोर्टातल्या कामात, 'काबेसा द कासाल', म्हणजे घरचा कर्ता, शपथेवर मयताच्या मालमत्तेची यादी देई. 1908 ची संहिता आली तरी हे काम जुन्या पोर्तुगीज रीतीनेच चालत राहिले, 2012 चा गोव्याचा वारसा कायदा प्रत्यक्ष अमलात येईपर्यंत. आणि त्या नव्या कायद्यातही यादी देण्याची जबाबदारी कर्त्यावरच आहे.