खुबा की कंबर: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कंबरदुखीचं मूळ कंबरेत की खुब्यात, हा वाद जुना आहे. तिचं खापर एसआय जॉइंटवर, म्हणजे कण्याच्या तळाचं त्रिकास्थी आणि कटीचं हाड जुळतात त्या सांध्यावर, फोडायची पद्धत १९०५च्या सुमारास अमेरिकेत रुजली. १९३४ मध्ये मणक्याची सरकलेली गादी नस दाबते हे दाखवून दिलं गेलं आणि सगळ्यांचं लक्ष गादीकडे वळलं. खुबा आणि मणका दोन्ही बिघडलेल्या रुग्णांची रीतसर वर्गवारी व्हायला मात्र १९८३ उजाडलं.

खरी उलथापालथ २००३ नंतरची. मांडीच्या हाडाच्या गोळ्यावरचा जादा उंचवटा खुब्याच्या वाटीच्या कडेला अडतो आणि त्यातूनच पुढे झीज होते, ही मांडणी तेव्हा पुढे आली. अडलेला खुबा वळत नाही आणि ती कसर शेजारचे सांधे भरून काढतात. एसआय जॉइंटला मुळात जेमतेम दोन-चार अंशांची मोकळीक, त्यामुळे ही कसर त्याला जड जाते. २०१२ मध्ये मृतदेहांवरच्या प्रयोगात असा उंचवटा तयार करून खुबा फिरवला, तर पुढचा जघनसांधाही (ओटीपोटाखाली समोर दोन्ही बाजूंची हाडं जुळतात तो) जास्त हलू लागला.

तपासायची एक साधी रीत आहे: उताणं झोपवून एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा आणि वाकलेला गुडघा हलकेच खाली दाबायचा. कळ जांघेत आली तर संशय खुब्यावर, कमरेखाली मागे आली तर एसआयवर. तरी नुसत्या या चाचणीवर निदान ठरत नाही.

वाद पेटला तो एसआय जॉइंट ऑपरेशनने जखडून टाकण्यावरून. सीटी स्कॅनमध्ये झीज दिसली की ऑपरेशन, असा सोपा मार्ग काही ठिकाणी रुळला. गंमत म्हणजे, त्रास नसलेल्यांचे स्कॅन २०१५ मध्ये तपासले तेव्हा जवळपास ६५ टक्क्यांमध्ये एसआयची झीज निघाली! मग फिल्मवर दिसलेल्या झिजेला गुन्हेगार कसं ठरवायचं? २०२४ मध्ये नॉर्वे-स्वीडनमधल्या एका चाचणीत काहींना सांधा जखडायला टायटॅनियमचे त्रिकोणी तुकडे बसवले, काहींना तुलनेसाठी नुसती चीर दिली. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या वेदनेत म्हणावा असा फरक नव्हता.

याउलट, खुबा पार झिजलेल्या रुग्णांची कंबरदुखी खुबा बदलल्यावर कमी झाल्याचं २००७ मध्येच नोंदलं गेलं होतं. छोटा अभ्यास होता, पण दुर्लक्ष करण्यासारखा नव्हता. खुबा आणि एसआय दोन्हीकडे झीज असेल तर आधी खुब्यात बधिरतेचं इंजेक्शन देऊन कळ कितपत थांबते ते पाहायचं, हे काही केंद्रांत आता नेहमीचं झालंय.