कैद एकाला, रांग घराला : मुलाखत, मनीऑर्डर आणि रजेच्या नियमांची पार्श्वभूमी

येरवडा, ठाणे, आर्थर रोड, नाशिक रोड, नागपूर. कुठल्याही मध्यवर्ती कारागृहाबाहेर सकाळी मुलाखतीसाठी, म्हणजे कैद्याच्या भेटीसाठी, नाव नोंदवायला आलेली माणसं दिसतात. त्यांत बायकाच जास्त. कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची बहीण. भेट किती दिवसांनी मिळेल, किती मिनिटं मिळेल, जाळीआडून की काचेपलीकडून इंटरकॉमवर, कपड्यांचा जोड आत घेतील का, पैसे कसे पाठवायचे, बाप वारला तर मुलाला दहाव्याला येता येईल का, हे त्यांचे प्रश्न. उत्तरं नियमांत असतात. पण नियम असे का आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही. त्यातले काही व्हिक्टोरिया राणीच्या काळातले आहेत, काही कैद्यांनी उपोषणं करून आणि कोर्टात जाऊन मिळवलेले, तर काही करोनाने आणलेले.

इंग्रजांच्या तुरुंगधोरणाची सुरुवात इंग्रज अधिकारी मेकॉले याच्या सूचनेपासून धरतात. त्या सूचनेवरून नेमलेल्या समितीने १८३८ साली अहवाल दिला. कैद्याला शिकवणं, चांगल्या वागणुकीबद्दल काही देणं हे तिला मान्य नव्हतं. कष्टाचं, कंटाळवाणं काम आणि कडक शिस्त यांवर तिची भिस्त होती. तुरुंगाची भीती वाटली पाहिजे असा तो विचार, आणि भीती टिकवायची तर बाहेरच्या जगाशी संबंध कमीत कमी हवा. पुढच्या काही दशकांत मोठी मध्यवर्ती कारागृहं उभी राहिली. येरवड्याचं १८७१चं.

या विचाराला कायद्याचं रूप मिळालं ते १८९४च्या कारागृह अधिनियमात. त्याचं कलम ४० सांगतं की दिवाणी कैदी आणि गुन्हा अजून सिद्ध न झालेले कैदी यांना ज्यांच्याशी बोलायचं आहे अशा माणसांना योग्य वेळी, योग्य निर्बंधांसह आत येऊ द्यावं, आणि खटला चालू असलेल्याला वकिलाशी शक्यतो एकांतात बोलता यावं. शिक्षा झालेल्या कैद्याचा या कलमात उल्लेखच नाही. ‘कुटुंब’ म्हणून वेगळा विचारही नाही. पुढचं कलम ४१ पाहुण्याचं नाव-पत्ता विचारण्याचा आणि झडती घेण्याचा अधिकार देतं. कलम ४२ मनाई असलेली वस्तू आत नेणाऱ्याला किंवा नियम मोडून कैद्याशी संपर्क साधणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड सांगतं. म्हणजे भेटायला येणारं माणूस या कायद्यात प्रथम संशयित म्हणून येतं. आजही फाटकावर पिशवी उपडी केली जाते तेव्हा तिथला वॉर्डर कठोरच असतो असं नाही. त्याच्या मागे हा सव्वाशे वर्षांहून जुना कायदा उभा असतो.

पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्याची भेट आणि पत्रं प्रांतांनी करायच्या नियमांवर सोडली गेली. तिथे ती चांगल्या वागणुकीचं बक्षीस ठरली. कच्च्या, म्हणजे शिक्षा न झालेल्या, कैद्याला भेट लवकर लवकर आणि पक्क्याला त्याहून विरळ, हा आजचा फरक तिथूनच आलेला आहे. याच कायद्याच्या कलम ३१ने कच्च्या कैद्याला स्वतःच्या खर्चाने बाहेरून अन्न, कपडे, अंथरूण मागवायची मुभा दिली होती. घरच्या डब्यासाठी आजही कोर्टात अर्ज होतात, त्यांचं मूळ हे.

१९१९-२०च्या भारतीय तुरुंग समितीने कैद्याला सुधारून समाजात परत पाठवणं हा तुरुंगाचा हेतू असावा असं प्रथमच ठामपणे मांडलं. पण त्याच सुमारास तुरुंग हा विषय प्रांतांकडे गेला, आणि प्रत्येक प्रांताची वाट वेगळी झाली. आजही राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तुरुंग राज्यसूचीतच आहेत. म्हणून महाराष्ट्राचा नियम कर्नाटकात लागू होत नाही.

दरम्यान तुरुंगांत राजकीय कैदी भरले आणि तिथली अवस्था शिकलेल्या घरांपर्यंत पोचली. लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी मरण पावले. अन्न, पुस्तकं, वर्तमानपत्रं यांबाबत माणसासारखी वागणूक, एवढीच त्या उपोषणामागची मागणी होती. त्यानंतर अ, ब, क असे वर्ग आले. वरच्या वर्गांना जास्त पत्रं, जास्त भेटी, बरं अन्न. वर्ग ठरवताना शिक्षण आणि राहणीमान पाहिलं जाई, त्यामुळे सामान्य गुन्ह्यातला गरीब माणूस क वर्गातच राहिला. दासांनी ज्यासाठी प्राण दिले ते त्याच्यापर्यंत आलंच नाही, याचं वाईट वाटतं.

महाराष्ट्रातली एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या पुढची आहे, आणि ती संस्थानातली आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ साली स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांची ती कल्पना होती आणि औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांचा तिला पाठिंबा होता. भिंत नाही, साखळदंड नाही. शिक्षा भोगणारा माणूस शेती करणार आणि बायकामुलांसह राहणार. १८९४च्या कायद्याने ज्या कुटुंबाला फाटकाबाहेर उभं केलं होतं, ते इथे कैद्याच्या घरातच होतं. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागे हाच प्रयोग आहे. स्वतंत्रपूर आजही चालू आहे. अशा वसाहती जिल्ह्याजिल्ह्यांत व्हायला हव्या होत्या. झाल्या त्या मोजक्याच.

स्वातंत्र्यानंतर नियम नव्याने लिहिले गेले, कायदा जुनाच राहिला. १९५९ साली संचित रजा (फर्लो) आणि अभिवचन रजा (पॅरोल) यांचे नियम आले. १९६२ साली कैद्यांना द्यायच्या सवलतींचे नियम आले, त्यांत भेटी आणि पत्रं बसवली गेली. सवलत म्हटलं की ती काढून घेता येते. या समजुतीला पहिला मोठा धक्का दिला तो मुंबईच्या तुरुंगातल्या एका मराठी पुस्तकाने.

प्रभाकर संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत खटल्याशिवाय स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक लिहिलं आणि छपाईसाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवायची परवानगी मागितली. सरकारने नकार दिला. स्थानबद्धाला काय काय करता येईल याची यादी आदेशात आहे, पुस्तक लिहून पाठवणं तीत नाही, असा सरकारचा युक्तिवाद होता. उच्च न्यायालयात सरकार हरलं, आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयातही. न्यायालयाने म्हटलं की तो आदेश निर्बंधांचा आहे. त्यातल्या अटी म्हणजे सरकारने बहाल केलेल्या सवलती नव्हेत. जे स्पष्टपणे काढून घेतलेलं नाही ते माणसाकडे राहतंच. अणूवरच्या पुस्तकातून देशाच्या सुरक्षेला काय धोका होता, हे सरकारलाही सांगता आलं नव्हतं. मला हा निकाल या साऱ्या इतिहासाचा सांधा वाटतो, कारण पुढचे निकाल याच रस्त्याने गेले.

१९७८च्या हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात निकालाची प्रत कैद्याला वेळेत व फुकट मिळाली पाहिजे आणि गरज असेल तर मोफत वकील दिला पाहिजे, असं ठरलं. सुनील बत्रा या कैद्याने तुरुंगातून पाठवलेल्या पत्रावरच्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी घरच्यांची भेट हा एकटेपणातला दिलासा आहे असं म्हटलं आणि भेटीगाठी मनमानीने तोडण्यावर न्यायालयाची नजर बसवली. १९८१ साली फ्रान्सिस कोरॅली मुलीन या स्थानबद्ध बाईचं प्रकरण आलं. तिला पाच वर्षांची मुलगी होती आणि भेट महिन्यातून एकदा. कच्च्या कैद्याला आठवड्यातून दोनदा भेट मिळते, मग खटल्याशिवाय डांबलेल्या बाईला महिन्यातून एकदा का, असं विचारून न्यायालयाने ती अट रद्द केली. आप्तांना भेटणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे तिथे ठरलं. दोन वर्षांनी, मुंबईच्या स्त्री-कैद्यांशी बोलून पत्रकार शीला बर्से यांनी लिहिलेल्या पत्रावरून आणखी एक निकाल आला : अटक होताच कुणाला कळवायचं हे पोलिसांनी त्या व्यक्तीला विचारावं आणि त्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवावं. घरातला माणूस चार दिवस बेपत्ता आणि घरचे ठाण्याठाण्यांवर फिरताहेत, ही अवस्था संपावी म्हणून तो आदेश होता.

रजेच्या नियमांवर थोडं थांबायला हवं, कारण घरच्यांचा सगळ्यात जास्त जीव तिथे टांगलेला असतो. संचित रजा आणि अभिवचन रजा यांत गल्लत होते. संचित रजा ठरावीक शिक्षा भोगल्यावर मिळू शकते, तिला आजारपण-मृत्यूचं कारण लागत नाही, आणि ती नियमाप्रमाणे भोगली तर ते दिवस शिक्षेत धरले जातात. अभिवचन रजा घरातलं गंभीर आजारपण, मृत्यू, पूर किंवा आगीसारखी आपत्ती अशा कारणांसाठी असते, आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत. दोन्हीचा हेतू घराशी धागा तुटू नये हाच आहे. पण संचित रजेला ठेवून घ्यायला आणि जामीन राहायला तयार असलेला नातेवाईक लागतो, शिवाय पोलिसांचा अहवाल लागतो. ज्याच्या घरच्यांनी तोंड फिरवलं आहे किंवा ज्याची म्हातारी आई जामीन राहण्याच्या परिस्थितीत नाही, त्याची रजा तिथेच अडते. घराशी नातं टिकवणारा नियम ज्याचं नातं सगळ्यात नाजूक त्यालाच वगळतो. याच नियमांत ८ मे २०२० रोजी साथीच्या काळासाठी ४५ दिवसांची तातडीची अभिवचन रजा घातली गेली. गर्दी कमी करायला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, त्यामुळे वर्षानुवर्षं हलत नसलेला नियम काही आठवड्यांत हलला.

त्याच काळात मुलाखती बंद झाल्या आणि व्हिडिओ कॉल आला. पुढे ई-मुलाकातची, म्हणजे अशा व्हिडिओ भेटीची, नोंदणी ऑनलाइन होऊ लागली. गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यावरून नागपूरला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं दोन्ही जातात, अशा घरांना ही सोय मोठी आहे. मात्र त्यासाठी स्मार्टफोन आणि नेटवर्क लागतं, म्हणून समोरासमोरच्या भेटी यामुळे कमी होता कामा नयेत.

पैशांचं सांगायचं तर मनीऑर्डर हा घरून पैसे पाठवायचा जुना मार्ग. ते पैसे कैद्याच्या खात्यावर जमा होतात आणि कॅन्टीनमधून साबण, बिस्किटं, फरसाण घेता येतं. किती खर्च करायचा यावर मर्यादा असते. २०२१ साली ती महिन्याला ४५०० रुपये होती. उलट दिशेचा, म्हणजे कैद्याकडून घराकडे जाणारा पैसा फार उशिरा विचारात घेतला गेला. १ मे २०२२ रोजी येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना सुरू झाली. तुरुंगातल्या कामाच्या मजुरीवर महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज देते, व्याज ७ टक्के. मुलांची फी, घरचं दवाखान्याचं बिल, वकील यांसाठी ते वापरता येतं. कमावता माणूस आत गेला की घराचं काय होतं, याचं उत्तर शोधणारी ही थोड्या योजनांपैकी एक.

मुलांच्या बाबतीत २००६चा आर. डी. उपाध्याय खटल्यातला निकाल पाया आहे. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं, आणि त्याला पाळणाघर, शिक्षण, योग्य आहार मिळायला हवा. बाहेर राहिलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात ‘गळाभेट’ उपक्रम सुरू झाला. शिक्षाबंदी आई किंवा बापाला सोळा वर्षांच्या आतलं मूल जाळीशिवाय भेटतं, मांडीवर बसतं. कच्च्या कैद्यांच्या मुलांनाही अशीच भेट मिळायला हवी. २०२२च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे होते, म्हणजे सर्वाधिक मुलंही बहुधा त्यांचीच असणार.

केंद्राने २०२३ साली नवा आदर्श कायदा राज्यांपुढे ठेवला आणि डिसेंबर २०२४च्या नागपूर अधिवेशनात महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कारागृहे व सुधारात्मक सेवांचं विधेयक मंजूर केलं. १८९४च्या कायद्याच्या जागी राज्याचा स्वतःचा कायदा आणण्यासाठी ते आहे. मुलाखत किती मिनिटांची, जाळी की काच, नातेवाइकाच्या जामिनाशिवाय रजा मिळेल का, हे पूर्वीप्रमाणे कायद्याखालच्या नियमांत ठरेल. ते नियम लिहिताना फाटकाबाहेरच्या बायकांना काय सोसावं लागतं, हे त्यांनाच विचारलं पाहिजे.