चुंबक अडला, तेव्हा जपानने काय केलं

7 सप्टेंबर 2010 रोजी जपानच्या ताब्यातल्या, पण चीनही हक्क सांगत असलेल्या सेन्काकू बेटांजवळ एक चिनी मासेमारी ट्रॉलर जपानी तटरक्षक दलाच्या गस्ती नौकांवर आदळला. जपानने कप्तानाला अटक केली. पुढच्या काही आठवड्यांत जपानकडे निघालेला 'रेअर अर्थ' धातूंचा माल चीनमध्येच अडकून पडला. बंदी घातल्याचं चीनने कधी मान्य केलं नाही. पण जपानची सुमारे 90 टक्के गरज चीनमधून भागत होती. कारखान्यांना माल हवा होता, आणि तो येत नव्हता.

रेअर अर्थ म्हणजे दुर्मीळ मृदा धातू, एकूण 17. नाव थोडं फसवं आहे. त्यातला सिरियम पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतका आढळतो आणि केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतही हे धातू आहेत. खरी कसोटी त्यांना एकमेकांपासून सोडवण्यात आहे. बहुतेकांच्या आयनांवरचा विद्युतभार सारखाच, आकारात फरक अगदी किंचित. त्यामुळे धातू आम्लात विरघळवून ते द्रावण एका सेंद्रिय द्रावकाबरोबर घुसळतात. एखादा धातू द्रावकाकडे जरासा जास्त ओढला जातो. हा 'जरासा' फरक साठवत न्यायचा, तर हीच क्रिया शेकडो टप्प्यांत करावी लागते. शिवाय खनिजातल्या किरणोत्सारी थोरियमचीही सुरक्षित विल्हेवाट लावावी लागते. चीनची पकड खाणींपेक्षा या मधल्या टप्प्यावर जास्त घट्ट आहे, आणि असा कारखाना दोन-चार महिन्यांत उभा राहत नाही.

हे सगळं कशासाठी? नियोडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या चुंबकासाठी. तो 1982 मध्ये जपानच्याच मासातो सागावा यांनी शोधला. इलेक्ट्रिक गाडीची मोटर तापली की या चुंबकाचा जोर कमी होतो. तो टिकवायला त्यात थोडं डिस्प्रोसियम घालतात. हा धातू तर आणखी तुटपुंजा.

जपान सरकारने त्याच वर्षी 100 अब्ज येनची तरतूद केली. साठा, पुनर्वापर, पर्यायी तंत्रज्ञान, परदेशी खाणी, सगळीकडे पैसा लावला. 2011 मध्ये जोगमेक ही सरकारी संस्था आणि सोजित्झ कंपनी यांनी मिळून ऑस्ट्रेलियाच्या लायनस या रेअर अर्थ कंपनीला 25 कोटी डॉलर देऊ केले. खाण पश्चिम ऑस्ट्रेलियात माउंट वेल्डला, धातू वेगळे करण्याचा कारखाना मलेशियात कुआंतानला.

माझ्या मते खरी परीक्षा यानंतर झाली. टंचाईत गगनाला भिडलेले भाव लवकरच कोसळले आणि लायनस कर्जाखाली पिचून गेली. निव्वळ नफा पाहणाऱ्याने तेव्हा हात झटकले असते. जपानने कर्जाची मुदत वाढवली, व्याज उतरवलं. स्वस्ताईच्या दिवसांत महागडा दुसरा पुरवठादार जिवंत ठेवणं हे बाजार आपणहून करत नाही. इथे सरकारच लागतं, आणि तेही न कंटाळणारं.

दुसरी वाट प्रयोगशाळेतून गेली. चुंबकातले स्फटिककण जितके बारीक, तितका तो उष्णतेला जास्त टिकतो. हे साधून दायदो स्टील आणि होंडा यांनी 2016 मध्ये डिस्प्रोसियमसारखे जड रेअर अर्थ धातू अजिबात न वापरणारा चुंबक हायब्रिड गाडीच्या मोटरीत बसवला. जो धातू लागतच नाही, तो अडवणार कोण?

चीनवरचं जपानचं अवलंबित्व सुमारे 60 टक्क्यांवर आलं. ते संपलेलं नाही, विशेषतः डिस्प्रोसियमसारख्या जड धातूंच्या बाबतीत. एप्रिल 2025 मध्ये चीनने सात रेअर अर्थ धातूंच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हा जगभरचे वाहन कारखाने अडचणीत आले. इलेक्ट्रिक दुचाकी बनवणाऱ्या पुण्यातल्या उद्योगालाही त्याची झळ बसली. नोव्हेंबर 2025 मध्ये भारताने असे चुंबक देशात बनवण्यासाठी 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

त्याआधी मे महिन्यात लायनसने मलेशियातल्या कारखान्यात प्रथमच डिस्प्रोसियम ऑक्साइड वेगळं काढलं होतं. जपानने दिलेल्या पहिल्या पैशाला तोवर चौदा वर्षं झाली होती.