स्टेडियमवरचे आकाश कधी आणि का बंद झाले

अमेरिकेत 30,000 किंवा त्याहून अधिक आसनांच्या स्टेडियममध्ये मेजर लीग बेसबॉलचा सामना, किंवा एनएफएल या व्यावसायिक लीगचा वा विद्यापीठांच्या अव्वल गटाचा अमेरिकन फुटबॉल सामना असला, की वरचे आकाश बंद होते. सामन्याच्या तासभर आधीपासून तो संपल्यावर तासभरापर्यंत, 3 सागरी मैल (सुमारे साडेपाच किलोमीटर) त्रिज्येच्या वर्तुळात 3000 फुटांपर्यंत विमान आणता येत नाही. मोठ्या मोटार शर्यतींनाही हेच लागू आहे.

ही बंदी येण्याआधीचा नियम फक्त उंचीचा होता. उघड्यावरच्या जमावावरून जाताना आजूबाजूच्या 2000 फुटांतल्या सर्वांत उंच अडथळ्याहून 1000 फूट वर राहायचे, म्हणजे इंजिन बंद पडले तरी मोकळी जागा गाठायला थोडा अवधी मिळतो. पण नियम न जुमानणाऱ्याला तो काय अडवणार? 19 डिसेंबर 1976 रोजी बाल्टिमोरच्या मेमोरियल स्टेडियममध्ये फुटबॉल सामना संपल्यावर काही मिनिटांतच एक छोटे विमान वरच्या सज्जावर आदळले. पिट्सबर्गने 40-14 असा एकतर्फी विजय मिळवल्याने बरेच प्रेक्षक आधीच उठून गेले होते, म्हणूनच कोणाचा जीव गेला नाही. 1979 मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात गवत कापायच्या यंत्राच्या आकाराचे रिमोटवरचे विमान प्रेक्षकांत घुसले आणि एकाचा मृत्यू झाला. रांगांमध्ये अडकलेल्या माणसाला बाजूला व्हायला जागाच नसते, मग वरून येणारी वस्तू लहान असो की मोठी.

तरीही सरसकट बंदी आली ती 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर, आणि कारण अपघाताचे नव्हे, घातपाताचे होते. 2003 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तिला कायद्याचा आधार दिला. सामन्याचे प्रसारण आणि सुरक्षा यांसाठीच्या विमानांना परवानगी राहिली. जाहिरातीचे कापडी फलक ओढणाऱ्यांचा धंदा मात्र बसला.

100 नॉटने, म्हणजे ताशी 100 सागरी मैलांनी, येणारे विमान 3 सागरी मैल दोन मिनिटांच्या आत कापते. त्यामुळे हल्ला रोखण्यापेक्षा अपघात टाळण्यातच या बंदीचा खरा उपयोग आहे, असे मला वाटते. तो उपयोग व्हायचा तर वैमानिकाला बंदी कुठे आणि कधी आहे हे नेमके कळायला हवे. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे वैमानिकांसाठीच्या बंदीच्या सूचनेत ना स्टेडियमचे नाव असे, ना सामन्याची वेळ. बेसबॉल तर जादा डावांत लांबतो. तो कधी संपला हे वैमानिकाने कसे ओळखायचे?

2015 मध्ये यूएस ओपन टेनिसच्या सामन्यात रिकाम्या खुर्च्यांवर ड्रोन कोसळला. त्याच डिसेंबरात इटलीतल्या शर्यतीत स्कीपटू मार्सेल हिर्शरच्या अगदी मागे कॅमेऱ्याचा ड्रोन पडला, आणि आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने आपल्या विश्वचषक शर्यतींत ड्रोनवर बंदी घातली. अमेरिकेतली स्टेडियमची बंदी आता ड्रोनलाही लागू आहे.