कोळ्यांच्या जिवावर चाललेलं घर

खानापूर, जांबोटीकडच्या कौलारू घरांत सणाआधी बांबूला केरसुणी बांधून जळमटं काढतात. जळमट म्हणजे घाण, असा आपला हिशेब. पण पडवीतल्या बऱ्याच बिऱ्हाडांचा संसार त्याच जळमटांवर उभा असतो.

शिंजीर पक्षी घ्या. अंगठ्याएवढा जीव, पण त्याची मादी लोंबत्या तारेलाही घरटं टांगते. गवत, काड्या, तंतू सगळं बांधायला कोळ्याचं जाळं. ते चिवट असतं आणि ताणलंही जातं, म्हणून वाऱ्यात पिशवी फाटत नाही. वरून सालींचे तुकडे आणि अळ्यांची लेंडं लावलेली, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला कचराच अडकल्यासारखा वाटतो. शिंपी पक्षीही पानं शिवताना हाच दोरा वापरतो.

कुंभारणीला मात्र जाळं नको, कोळीच हवा. काळी, पिवळ्या पायांची, दोऱ्यासारख्या कंबरेची ही गांधीलमाशीची बहीण न्हाणीच्या सांडपाण्याजवळून चिखलाची गोळी उचलते. भिंतीवर ती थापताना बारीक गुणगुणते. त्या थरथरीने चिखल मऊ होऊन नीट बसतो. कोठडी झाली की शिकार. डंख मारते तो ठार करायला नव्हे, लुळं पाडायला. मेलेला कोळी कुजेल, लुळा ताजा राहतो. एका कोठडीत डझनभर कोळी सहज मावतात. त्यातल्या एकावर अंडं घालून ती तोंड लिंपते. पुढे अळी आतच खाऊन मोठी होते.

इतक्या बंदोबस्तातही चोर शिरतो. हिरव्या-निळ्या धातूसारखी चमकणारी एक माशी याच घरट्यांभोवती घुटमळते. कोकिळा कावळ्याला फसवते तशी ही कुंभारणीच्या कोठडीत आपलं अंडं घालते, आणि तिची अळी यजमानाच्याच पिल्लाला खाते. कोकिळेचं कौतुक करणारे आपण, हिच्याकडे कुणी बघतही नाही! पकडायला गेलं तर अंगाची गोळी करते. पाठ इतकी टणक की डंख आत जात नाही.

कुंभारीण एकटी राहते, तिच्या घरट्याला पहारा नसतो, उगाच अंगावरही येत नाही. त्यामुळे भिंत रंगवताना घाई नको. मातीच्या गोळ्याला गोल भोक दिसलं तर आतलं बिऱ्हाड उडून गेलंय, खुशाल खरवडा. तोंड लिंपलेलं असेल तर तेवढी जागा सोडून बाकीची भिंत आधी उरकता येते.